हँडिकॅप म्हणजे लिंबूटिंबूला सूट नव्हे

वाशी असो की घोडबंदर रोड, पूल पार्लरमध्ये हे वाक्य ठरलेलं: "हँडिकॅप म्हणजे कच्च्या खेळाडूला दान." चूक. लिंबूटिंबूचं आउट धरतच नाहीत. इथे प्रत्येक फ्रेम, म्हणजे प्रत्येक डाव, मोजली जाते; बदलतं ते फक्त लक्ष्य: सामना जिंकायला कुणाला किती फ्रेम हव्यात.

गणित बघा. पक्का खेळाडू चारपैकी तीन फ्रेम जिंकतो असं धरू. दोघांनाही ५ फ्रेम हव्या असतील, तर सामना त्याच्याच खिशात जाण्याची शक्यता ९५ टक्के. मग खेळायचं कशाला? त्याला ५ आणि समोरच्याला २ ठेवल्या की ती ५३ वर येते. पारडं अजूनही पक्क्याचंच जड!

अमेरिकेतल्या एपीए (अमेरिकन पूलप्लेयर्स असोसिएशन) लीगमध्ये एट-बॉल या पूलच्या प्रकाराला खेळाडूंच्या कौशल्याच्या २ ते ७ अशा पातळ्या असतात आणि पाच खेळाडूंच्या पातळ्यांची बेरीज जास्तीत जास्त २३ ठेवावी लागते. त्यामुळे पाचही तगडे उतरवता येत नाहीत. नवख्यांना जमावं म्हणून नियमही सगळ्यांनाच सोपे: चुकून पडलेला आपला बॉल चालतो, पॉकेट आधी दाखवायचं ते फक्त काळ्या, आठ नंबरच्या बॉलचं.

मुद्दाम वाईट खेळून पातळी उतरवणारे असतातच. म्हणून स्कोअरशीटवर इनिंग (दोघांची एकेक पाळी) मोजतात आणि सेफ्टी शॉट, म्हणजे बॉल पाडायला नव्हे तर समोरच्याला अडवायला मारलेला फटका, वेगळा लिहितात. तो लिहायचा राहिला, की इनिंग फुगतात आणि चांगला खेळाडू कागदावर कच्चा दिसतो.