विनी (पोपटांची प्रजाती)

प्रशांत महासागरातील उष्ण कटिबंधीय बेटांवर राहणाऱ्या छोट्या, भडक रंगांच्या लोरिकीट पोपटांची प्रजाती. लांबी साधारण १८–१९ सेंमी., म्हणजे आपल्या साळुंकीहूनही लहान. रूढ वर्गीकरणानुसार पाच जाती हयात आहेत. आणखी दोन जाती फक्त अवशेषांवरून ठाऊक आहेत; माणूस या बेटांवर पोहोचल्यानंतर त्या संपल्या.

निळ्या डोक्याची जात सामोआ, टोंगा आणि फिजीच्या लाऊ बेटांवर आढळते. ताहितीभोवतालच्या सोसायटी व तुआमोतू बेटांतली जात गडद निळी असून तिचा गळा पांढराशुभ्र असतो. मार्केसास बेटांवर आकाशी-निळी, तर निर्मनुष्य हेंडरसन बेटावर हिरवी-लाल जात आहे. पाचवी रिमातारा बेटाची : पाठ हिरवी, पोट लालबुंद, मानेवर जांभळा पट्टा.

अन्न मुख्यतः मकरंद व पराग. जिभेच्या टोकाशी ब्रशासारखे बारीक तंतू असतात. त्यांनी फुलातला रस टिपून घेतला जातो. नारळ आणि केळीच्या फुलांवर हे पक्षी हमखास दिसतात, त्यामुळे माणसाने लावलेल्या बागा त्यांना मानवतात. जंगलतोडीपेक्षा मोठा धोका घरट्यात शिरणाऱ्यांचा आहे. झाडाच्या ढोलीत, कधी झाडावरच कुजलेल्या पोकळ नारळात, बहुधा दोनच अंडी घातली जातात. ढोलीला वाट एकच. आत उंदीर शिरला की अंडी आणि पिल्ले दोन्ही गेली.

मात्र उंदीर कोणता, याला फार महत्त्व आहे. पॉलिनेशियन लोकांबरोबर आलेल्या लहान उंदरासोबत हे पोपट काही बेटांवर टिकून आहेत. जहाजांतून आलेला काळा उंदीर झाडावर सराईतपणे चढतो, आणि तो पोहोचला की संख्या झपाट्याने घसरते. मार्केसासमधील उआ हुका बेटावरून १९९२–९४ दरम्यान २९ पक्षी फातू हिव्हावर नेऊन सोडले होते. २००० मध्ये तिथे काळे उंदीर आढळले आणि त्या प्रयत्नावर पाणी पडले.

रिमाताऱ्याच्या जातीची गोष्ट वेगळी. सरदारांच्या पोशाखासाठी लाल पिसे लागत, त्या पिसांपायी कुक बेटांवरून ती नाहीशी झाली. रिमाताऱ्यात मात्र १९०० साली राणी तामाएवाने पक्ष्याला हात लावण्यावर ‘तापू’, म्हणजे धार्मिक बंदी, घातली आणि लोकांनी ती पाळली. तिथले २७ पक्षी एप्रिल २००७ मध्ये कुक बेटांतील आतिऊवर सोडले गेले. काळा उंदीर नसलेले बेट मुद्दाम निवडले होते, तरी तिथे भलतीच अडचण उभी राहिली : बाहेरून आणलेल्या साळुंक्या, त्याही आपल्याच भारतीय, लोरिकीटांच्या नवख्या पिल्लांवर तुटून पडू लागल्या. म्हणून २००९ पासून साळुंक्या हटवण्याची मोहीम हाती घ्यावी लागली.

संरक्षणाचे खरे काम जंगलात कमी, धक्क्यावर जास्त असते. मालातून व बोटींतून उंदीर उतरू नये म्हणून तिथे सापळे आणि विषारी आमिषाची खोकी कायम मांडलेली ठेवावी लागतात. गाभण मादी एकटी उतरली, तरी बेट उंदरांनी भरायला पुरेशी ठरते.