पार्श्वभूमी : तिळाला नाव काय द्यायचे?

उन्हाने पटकन भाजणाऱ्या गोऱ्या कातडीवरचे तांबूस ठिपके बराच काळ फक्त दिसण्याचा प्रश्न होते. ते घालवायला विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाऱ्याची मलमे विकली जात. ठिपके फिके पडत, पण पारा अंगात मुरे. अमेरिकेत सौंदर्यप्रसाधनांतून तो हद्दपार व्हायला १९७० चे दशक उजाडले. उन्हाची बाजू मात्र तेव्हा भक्कम होती. कातडीच्या क्षयावरील प्रकाशोपचाराला १९०३ चे नोबेल मिळाले, १९१९ मध्ये अतिनील दिव्याने मुडदूस बरा होतो हे दिसले, आणि रापलेला रंग तब्येतीची खूण ठरला. १९२८ मध्येच अतिनील किरणांनी उंदरांच्या कातडीवर गाठी उठवून दाखवल्या गेल्या होत्या, पण त्यामुळे किनाऱ्यांवरची गर्दी काही ओसरली नाही.

कलाटणी मिळाली १९७० नंतर. सोरायसिस या कातडीच्या आजारावरील अतिनील उपचारात केसांच्या आणि डोळ्यांच्या रंगावरून मात्रा ठरवली, तर काही रुग्ण भाजून निघत. म्हणून १९७५ मध्ये रुग्णालाच विचारायचे ठरले: उन्हात भाजता की रापता? ‘नेहमी भाजतो, कधीच रापत नाही’ हा झाला पहिला प्रकार. मात्रा ठरवायला केलेली ही वर्गवारी पुढे वर्णाची फूटपट्टी म्हणून वापरली गेली, हा तिचा दुरुपयोगच. या पहिल्या प्रकारामागचे एक मोठे कारण १९९५ मध्ये सापडले. लाल केसांच्या लोकांत एमसीवनआर या जनुकात बदल असतात. त्यामुळे तपकिरी-काळ्या मेलॅनिनऐवजी (मेलॅनिन म्हणजे कातडीचे रंगद्रव्य) लालसर मेलॅनिन जास्त बनते आणि ते उन्हाला फारसे अडवत नाही. केस लाल नसले तरी यातला एखादा बदल अंगात असू शकतो आणि ठिपक्यांतून दिसतो.

ठिपके तरी थंडीत फिके होतात. तीळ होत नाहीत, आणि खरा गुंता तिथेच झाला.

१९७८ मध्ये मेलानोमा हा कातडीचा घातक कर्करोग पिढ्यान्‌पिढ्या आढळणाऱ्या काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या लोकांच्या अंगावर मोठे, वेड्यावाकड्या कडांचे, एकाच तिळात दोन-तीन छटा असलेले अनेक तीळ होते. पहिल्या दोन कुटुंबांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘बी-के तीळ’ म्हटले गेले. दोनच वर्षांत त्याजागी ‘डिस्प्लास्टिक नीव्हस’ (नीव्हस म्हणजे तीळ) आले. इथे चूक झाली असे मला वाटते. पॅथॉलॉजीत ‘डिस्प्लेसिया’ म्हणजे कर्करोगाच्या वाटेवरची पायरी. गर्भाशयमुखाच्या पेशींबद्दल तो शब्द जे सांगतो, तेच तो तिळाबद्दलही सांगत असणार, असे रुग्णाने आणि डॉक्टरनेही धरले. मग असे तीळ घाऊक काढले जाऊ लागले. कातडी गोरी, तीळ शंभरावर, आणि प्रत्येक काढलेल्या तिळाच्या जागी व्रण.

या नावाचे विरोधक म्हणाले, सूक्ष्मदर्शकाखाली असा दिसणारा तीळ तर जागोजागी सापडतो, त्याला पूर्वावस्था कसे म्हणायचे? एकच काचपट्टी दोन पॅथॉलॉजिस्ट वेगवेगळी वाचत, ही त्यांची दुसरी तक्रार. १९९२ मध्ये अमेरिकेत तज्ज्ञांची मतैक्य परिषद भरली आणि तिने शब्दच मोडीत काढायची शिफारस केली. त्याऐवजी ‘रचनेत बिघाड असलेला तीळ’ असे लिहावे आणि पेशी किती विचित्र दिसतात ते वेगळे नोंदवावे. शिफारस शहाणपणाची होती, पण लांबलचक नाव कोण लिहिणार? जुना शब्द टिकला, नवा त्याच्या शेजारी येऊन बसला, आणि काही अहवालांत दोन्ही दिसू लागले. नाव बदलून भीती जाईल, हा हिशेब चुकला.

विरोधकांचा एक मुद्दा पुढच्या आकड्यांनी उचलून धरला. सुमारे ७० टक्के मेलानोमा कुठल्याही जुन्या तिळातून नव्हे, तर साध्या कातडीवर नव्याने उगवतात. शंभरावर तीळ असलेल्याला पंधरापेक्षा कमी असलेल्याच्या जवळपास सातपट धोका असतो, हेही खरेच; पण तो धोका सगळ्या कातडीचा. एकेक तीळ कापून तो उतरत नाही.

उतरतो तो कशाने, याचा चांगला पुरावा ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर गावातून आला. १९९२ ते १९९६ दरम्यान १,६२१ जणांच्या दोन गटांपैकी एकाला रोज सनस्क्रीन लावायला सांगितले, दुसऱ्याला मर्जीवर सोडले. पुढच्या दहा वर्षांत मेलानोमा पहिल्यात ११, दुसऱ्यात २२. आकडे लहान आहेत, तरी इतका सरळ प्रयोग दुसरा क्वचितच झाला. २००९ मध्ये टॅनिंगची, म्हणजे अतिनील दिव्यांनी कातडी रापवणारी, यंत्रे तंबाखूच्या वर्गात गेली, म्हणजे माणसात कर्करोग घडवतात हे सिद्ध असलेल्या गोष्टींच्या यादीत. २०११ मध्ये अमेरिकेत सनस्क्रीनच्या बाटलीवर ‘वॉटरप्रूफ’ लिहायला बंदी झाली. सनस्क्रीन उन्हापासून किती वाचवते हे सांगणारा एसपीएफचा आकडा मात्र अजूनही दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम लावून मोजतात, आणि इतके जाड कोणीच लावत नाही.

आणि तो शब्द? कातडीच्या गाठींच्या २०१८ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ‘डिस्प्लास्टिक’ कायम राहिला. बिघाडाच्या सौम्य, मध्यम, तीव्र या तीन पायऱ्यांच्या दोन झाल्या, आणि पूर्वी ‘सौम्य’ ठरलेले तीळ त्यातून वगळले गेले. ज्यांचे तसले तीळ त्याआधी काढले गेले, त्यांच्या फायलीत जुनाच शब्द आहे.