चर्चमधील मैफली: नियमांमागचा इतिहास

कॅथलिक चर्चमध्ये मैफल करायची तर तारीख, वेळ आणि सादर होणाऱ्या रचना आधी लेखी कळवून बिशपांची (त्या भागातील धर्मप्रमुखांची) परवानगी घ्यावी लागते आणि प्रवेश विनामूल्य ठेवावा लागतो. रोमच्या उपासनाविषयक खात्याने ५ नोव्हेंबर १९८७ रोजी पाठवलेल्या पत्रातले हे नियम आहेत. उपासनेच्या जागेत मैफलीसारखे सादरीकरण कितपत चालावे, हा त्यांच्यामागचा प्रश्न मात्र फार जुना आहे.

दहाव्या शतकात ईस्टरच्या उपासनेत ख्रिस्ताच्या रिकाम्या कबरीपाशी आलेल्या स्त्रिया आणि देवदूत यांचा संवाद गायला जाऊ लागला. हे सादरीकरण उपासनेचाच भाग होते. पुढे चर्चमध्ये सोंगे आणि तमाशे शिरले, तेव्हा तेराव्या शतकाच्या आरंभी पोप इनोसंट तिसरे यांनी त्यांना मनाई केली. ट्रेंट येथे भरलेल्या कॅथलिक धर्मपरिषदेने १५६२ मध्ये कामुक किंवा अपवित्र अंश मिसळलेले संगीत चर्चबाहेर ठेवण्यास सांगितले. तरीही स्पेनमधील एल्चे येथे येशूची आई मारिया हिच्या स्वर्गारोहणाचे गीतनाट्य बॅसिलिकेच्या (मानाच्या मोठ्या चर्चच्या) आतच होत राहिले, कारण पोप अर्बन आठवे यांनी १६३२ मध्ये त्याला खास मुभा दिली. आजही ते ऑगस्टमध्ये तिथेच होते. रोममध्ये धर्मगुरू फिलिप नेरी यांच्या संघाने वेगळी वाट काढली: चर्चलगतच्या प्रार्थनादालनात धार्मिक गीते आणि प्रवचन यांची सांगड घातली, आणि त्या दालनावरूनच ‘ऑरेटोरिओ’ हे धार्मिक संगीतप्रकाराचे नाव रूढ झाले.

उपासना आणि रंगमंच यांच्यातली सीमा किती पुसट झाली होती, हे इटालियन ऑपेरा-संगीतकार व्हेर्दी यांच्या ‘रेक्विएम’ या मृतांसाठीच्या उपासनेच्या संगीतरचनेवरून कळते. २२ मे १८७४ रोजी मिलानच्या सान मार्को चर्चमध्ये ती प्रथम सादर झाली आणि अवघ्या तीन दिवसांनी ला स्काला नाट्यगृहात. पोप पायस दहावे यांनी १९०३ मध्ये, एकोणिसाव्या शतकात विशेषतः इटलीत बोकाळलेल्या नाटकी शैलीवर नेमके बोट ठेवले आणि चर्चमध्ये पियानो व ढोलासारखी वाद्ये निषिद्ध ठरवली.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे कॅथलिक बिशपांच्या सर्वोच्च सभेने, १९६३ मध्ये पवित्र संगीताचा ठेवा जपण्यास सांगितले. मात्र लोकभाषेतील उपासना आणि भाविकांचा सहभाग यांमुळे अनेक थोर रचनांना मिस्सामध्ये (कॅथलिकांच्या मुख्य उपासनेत) जागा उरली नाही. चर्चमध्ये मैफली व्हाव्यात की नाही, या आजच्या वादाचे मूळ माझ्या मते इथेच आहे. जे संगीत त्या भिंतींसाठी रचले गेले, ते पुन्हा तिथे ऐकायचे तर मैफलीखेरीज मार्ग राहिला नाही. शिवाय मोठे ऑर्गन आणि त्यांना साजेसा नाद बहुधा चर्चमध्येच मिळतो.

१९८३ च्या कॅथलिक धर्मसंहितेतील १२१० वे कलम पवित्र जागेत उपासना, भक्ती आणि धर्म यांना पूरक गोष्टींनाच मुभा देते. पावित्र्याला बाध न आणणारा अन्य वापर प्रसंगानुरूप मान्य करण्याचा अधिकार बिशपांकडे आहे. १९८७ च्या पत्राचा आधार हेच कलम आहे. कलाकारांनी वेदीच्या परिसरात उभे राहू नये, पवित्र साक्रामेंत (ख्रिस्ताचे शरीर मानली जाणारी पवित्र भाकर) शक्यतो बाजूच्या चॅपलमध्ये किंवा अन्य सुरक्षित जागी हलवावे, आणि कार्यक्रमाचा परिचय केवळ ऐतिहासिक वा तांत्रिक न राहता श्रोत्यांना अंतर्मुख करणारा असावा, असे त्यात म्हटले आहे. मैफल प्रासंगिकच हवी. महोत्सव किंवा मैफलींची मालिका यांना एकगठ्ठा परवानगी नाही. विनामूल्य प्रवेशाची अट आयोजकांना सर्वांत जड जाते, तरी मला तीच सर्वांत अर्थपूर्ण वाटते, कारण तिच्यामुळे मैफलीच्या वेळीही चर्चचे दार प्रार्थनेच्या वेळेइतकेच सर्वांना खुले राहते.