एक होता विदूषक: सोंगाड्याचा विदूषक कसा झाला

पिक्चर 1992 चा. हिरो लक्ष्मीकांत बेर्डे, 'धूमधडाका' आणि 'बनवाबनवी' ज्यांना डायलॉगसकट पाठ आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. कॉमेडीत त्याचं नाणं खणखणीत वाजत होतं तेव्हाच त्याने हा आबूरावचा रोल घेतला. आबूराव तमाशाच्या फडातला, धंदा लोकांना हसवायचा, पण पिक्चर काही हसवायला काढलेला नव्हता, आणि सगळी गडबड तिथेच झाली.

आमच्याकडे खान्देशात तो थेटरात कोणी बघितल्याचं मला आठवत नाही. आम्ही बघितला तो गणपतीत, भाड्याच्या व्हीसीआरवर. तेव्हा मंडळं रात्री कलर टीव्ही आणून एका रात्रीत तीन-तीन पिक्चर लावायची, वरून बुरबुर पाऊस, पोरं डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन बसलेली, म्हातारी माणसं ओट्यावर. कॅसेटवर पेनाने 'कॉमेडी' लिहिलेलं होतं. अर्धा तास झाला, पाऊण झाला, हिरो काही लोळत नाही, पडत नाही, मग मागून एक जण बोललाच, "भो, हाई काय शे? हासू कव्हय येई?" (भाऊ, हे काय आहे? हसू कधी येणार?) शेवटच्या रिळाला दहा-बारा डोकी उरली होती. त्यात एक म्हातारा होता, तरुणपणी फडात ढोलकी वाजवायचा, तो मात्र मांडी मोडून हलला नाही.

आता मागचं थोडं. पैसा केंद्र सरकारच्या फिल्म महामंडळाचा. डायरेक्टर म्हणजे 'सामना', 'सिंहासन', 'उंबरठा' केलेले डॉक्टर जब्बार पटेल. लिहिलंय पु. ल. देशपांड्यांनी, ज्यांनी 1953 साली 'गुळाचा गणपती' जवळपास एकहाती केला होता, नंतर पिक्चरकडे पाठ फिरवली आणि जवळजवळ चाळीस वर्षांनी ह्यासाठी पुन्हा पेन उचललं. गाणी आपल्याच कवीची. आपल्याच म्हणजे ना. धों. महानोर, पळसखेडचा रानातल्या कवितांचा माणूस, गाव कागदोपत्री मराठवाड्यात, सोयगाव तालुका, पण शिक्षण शेंदुर्णी आणि जळगावला, पीजे म्हणजे पाचोरा-जामनेर गाडीच्या पट्ट्यातला, म्हणून आम्ही त्याला खान्देशात धरतो आणि ह्यावर वाद घालत नाही.

वाद घालायचाय तो नावावर. तमाशात 'विदूषक' नसतो, 'सोंगाड्या' असतो. गण होतो, गवळण होते, तिथे मावशी आणि पेंद्या, मग बतावणी म्हणजे विनोदी सवाल-जवाब, मग वग म्हणजे गोष्टीचं नाटक, आणि वगात राजाच्या बाजूला उभा राहून राजाचीच फजिती करणारा सोंगाड्या. विदूषक आला संस्कृत नाटकातून, शाकुंतलातला माधव्य, मृच्छकटिकातला मैत्रेय, जातीने ब्राह्मण, राजाचा नाहीतर नायकाचा मित्र, खादाड. म्हणजे एकाला राजाच्या पंगतीत पान आणि दुसऱ्याला पंगत उठल्यावरचं. एका बाबतीत मात्र दोघं सख्खे भाऊ शोभतात, विदूषक उच्चवर्णी असूनही नाटकात संस्कृत न बोलता प्राकृत बोलतो, आणि आमच्याकडच्या फडात राजा 'प्रधानजी, राज्याची हालहवाल काय आहे' असं पुस्तकी झाडत असताना सोंगाड्या मधेच अहिराणीवर घसरला की खरा हशा तिथे पिकायचा. हे शहरातल्या समीक्षेत कुठे आलेलं मी वाचलं नाही, तिथे सगळा जोर 'कॉमेडियन सिरियस झाला' ह्यावरच.

मग नाव 'सोंगाड्या' का नाही ठेवलं? एक सरळ कारण, ते नाव 1971 लाच दादा कोंडक्यांच्या तुफान चाललेल्या पिक्चरने घेऊन टाकलं होतं, त्यानंतर तो शब्द म्हणजे नाडी आणि डबल मिनिंग असंच लोकांच्या डोक्यात बसलं. दुसरं माझं मत, लिहिणाऱ्याला गोष्ट फडापुरती ठेवायचीच नव्हती, आबूराव फडातून पडद्यावर जातो, पडद्यावरून राजकारणात जातो, तिथे त्याला हसणारे बदलतात आणि वापरून घेणारे पण. पटतं. तरी फडाच्या माणसाला फडाचा शब्द दिला नाही ही माझी खंत आहेच, कारण यात्रेच्या गावात 'विदूषक' म्हटलं की लोकांना सर्कशीतला जोकर दिसतो, लाल नाकाचा, आणि मग कॅसेटवाला 'कॉमेडी' लिहिणार नाही तर काय लिहिणार.

ह्याला लव्हस्टोरी म्हणायचं का, तर माझ्या मते हो, अर्ध्याहून जास्त. फडातली एक, आणि पडद्यावरची एक, हिरोईन. दोघींमधे तो कुठल्याच घरचा राहत नाही. शेवटाकडे एक लहान पोरगी आहे जी हसत नाही, आणि अख्खं राज्य हसवलेला बाप तिच्यापुढे उभा राहतो. आमचा ढोलकीवाला म्हातारा तिथे पंच्याने डोळे पुसत होता, मला तेव्हा वाटलं चुलीच्या धुराने असेल, रात्री दोन वाजता कसली चूल.

नंतरचं सगळ्यांना माहीतच आहे. 1992 चं मराठी पिक्चरचं राष्ट्रीय अवॉर्ड मिळालं, नृत्यदिग्दर्शनाचं पण मिळालं, तेही लावणीतल्या एका जाणत्या बाईला, कुठल्या मुंबईच्या डान्स मास्टरला नाही. समीक्षकांनी डोक्यावर घेतला, तिकीटबारीवर पडला. हिरो परत कॉमेडीकडे वळला, हिंदीत तर 1989 पासून नोकर आणि मित्राचेच रोल मिळत होते, ते चालू राहिले. 2004 च्या डिसेंबरात गेला, पन्नाशीत. 'भरलं आभाळ' मात्र टिकलं, पिक्चर न बघितलेल्यांनाही येतं. कवी 2023 च्या ऑगस्टमधे गेले तेव्हा जळगावकडच्या स्टेटसवर दोन दिवस तेच वाजत होतं, खाली पिक्चरचं नाव फार थोड्यांनी टाकलं.

फड आता कमी झालेत, जे येतात त्यांच्यात अर्धा वेळ ऑर्केस्ट्रा असतो. मागच्या आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, शेजारच्या गावच्या यात्रेत गेलो तर सोंगाड्याची एन्ट्रीच ह्या हिरोच्या नकलेवर होती, बनवाबनवीतली साडी, तोच आवाज, तीच मान. पब्लिकने शिट्ट्या मारल्या. आबूरावची नक्कल येते का म्हणून नंतर राहुटीत जाऊन विचारलं, तर तोंडावरची पावडर पुसता पुसता म्हणाला, "तो कोणता पिक्चर, भो?"