लसणाच्या वासाचा बेडूक

मृगाचा पहिला दणका बसला, की नागपुरातल्या आमच्या ले-आउटमधल्या मोकळ्या प्लॉटवर गुडघाभर पाणी साचतं आणि त्याच रात्री बुलफ्रॉग जमतात. नर हळदीसारखे पिवळेधमक, गळ्याशी दोन निळे फुगे. पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा काढल्यावर ते ओरडणं ऐकलं की मला बरं वाटतं. त्यांचा संसार मात्र फार घाईचा. डबकं आटायच्या आत, महिना-दीड महिन्यात, टॅडपोलना, म्हणजे शेपटीवाल्या पिल्लांना, पाय फुटून ती बाहेर पडायला हवीत. डबक्यात मासे नसतात, म्हणून ते साधतं.

कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतात असाच एक बेडूक आहे, पण त्याला घाई माहीतच नाही. मुठीत मावेल एवढा, मांड्या आतून पिवळ्या, हातात धरला की चक्क लसणाचा वास येतो. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम 310 मीटरवर, तर याचे कित्येक तलाव 3000 मीटरच्याही वर. वर्षातले सहा ते नऊ महिने वर बर्फ आणि खाली, तळाशी, बेडूक. एवढ्या गारठ्यात टॅडपोलचा बेडूक व्हायला तीन-चार वर्षं लागतात. म्हणून त्याला उन्हाळ्यात न आटणारा आणि हिवाळ्यात तळापर्यंत न गोठणारा खोल तलावच लागतो.

हे तलाव हिमनद्यांनी कोरलेले. खालच्या धबधब्यांमुळे मासे तिथवर कधी चढलेच नव्हते. माणसांना ते तलाव रिकामे वाटले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून खेचरांच्या पाठीवर डबे लादून ट्राउट मासे वर नेले गेले. पुढे तर विमानातून तलावांत ओतले गेले. हौशी मासेमारांची सोय झाली. पण माशांना जगायला जो खोल तलाव लागतो, तोच बेडकालाही लागतो, आणि तीन-चार वर्षं पाण्यात अडकलेलं पिल्लू ट्राउटच्या तोंडून सुटणार कसं? 1915 च्या सुमारास जोसेफ ग्रिनेल आणि ट्रेसी स्टोरर या प्राणिशास्त्रज्ञांना सिएरा नेवाडातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात हा बेडूक जागोजागी दिसला होता. शतकाच्या अखेरीस तो आपल्या 90 टक्क्यांहून जास्त ठिकाणांहून नाहीसा झाला. 2014 मध्ये अमेरिकी सरकारने त्याला संकटग्रस्त जाहीर केलं.

मासे काढता येतात. योसेमिटीत ते सोडणं 1991 मध्ये थांबलं. मग निवडक तलावांत जाळी लावून, ओढ्यांत विजेच्या सौम्य झटक्याने मासे गुंगवून, वर्षानुवर्षं उपसा चालला. जिथे शेजारी थोडे बेडूक उरले होते, तिथे ते तीनच वर्षांत भराभर वाढलेले दिसले.

तेवढ्यात बुरशी आली. कायट्रिड तिचं नाव. 1999 मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन झालं. तिचे बीजाणू पाण्यात चक्क पोहतात आणि कातडीतल्या केराटिनवर, म्हणजे आपल्या नखांत असतं त्याच द्रव्यावर, वाढतात. बेडूक कातडीतूनच पाणी पितो, बराचसा श्वास घेतो, सोडियम-पोटॅशियमचा तोल सांभाळतो. कातडी बिघडली की हा तोल ढळतो आणि हृदय थांबतं. टॅडपोलच्या अंगावर केराटिन नसतं, फक्त तोंडाशी असतं. त्यामुळे पिल्लू तीन-चार वर्षं बुरशी बाळगत मजेत पोहतं आणि पाय फुटून नवी कातडी आली, की काही आठवड्यांत मरतं. मला या सगळ्या हकिकतीत हे सगळ्यात जिव्हारी लागतं.

पण सगळे मेले नाहीत. योसेमिटीत काही तलावांत बुरशी असूनही बेडूक टिकले, वाढले. संशोधक रोलँड नॅप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच वाचलेल्यांवर भिस्त ठेवली. 2006 पासून तिथले प्रौढ बेडूक पकडून, कातडीखाली तांदळाएवढी ओळखचिप घालून, कधी हेलिकॉप्टरने, ते 12 ओस तलावांत नेऊन सोडले. चिपमुळे कोणता बेडूक किती उन्हाळे जगला, हे पुढे कळत राहिलं. बुरशी त्या पाण्यातही होतीच. तरी बहुतेक तलावांत पिल्लं झाली, मोठी झाली. सोसण्याची ताकद पुढच्या पिढीतही उतरली. 2024 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषधाच्या पाण्यात बेडूक बुडवण्याचे, प्राणिसंग्रहालयात पिल्लं वाढवण्याचेही प्रयत्न चालू आहेत. पण माझा भरवसा या वाचलेल्यांवर जास्त आहे.

कायट्रिड आपल्या पश्चिम घाटातल्या बेडकांवरही आढळली आहे. तसे मोठ्या संख्येने मृत्यू मात्र तिथे नोंदले गेलेले नाहीत.

गेल्या जुलैत शेजारची दोन पोरं प्लॉटवरच्या डबक्याशी उभी होती. हातात पाण्याची पिशवी, आत दहा-बारा गप्पी मासे.

"सोडू का जी, काका? मच्छर खातात हे."

पोरांचं मन चांगलंच होतं. मी म्हटलं, डेंग्यूचा मच्छर या गढूळ पाण्यात कमी, तुमच्या कूलरच्या टाकीत जास्त. आधी ती रिकामी करून घासा. आणि हे मासे इथे सोडले, तर बेडकाची अंडी खातील. मोठ्या पोराने वाकून पाहिलं. पाण्यावर अंड्यांचा चिकट थर पसरलेला, प्रत्येक अंड्यात एक काळा ठिपका.

पिशवी त्यांनी घरच्या हौदात रिकामी केली. दहा-बारा दिवसांनी धाकटा पळत सांगायला आला, "काका, मागचे पाय आले जी!"