एकत्रित तालिकाशोध

अनेक ग्रंथालयांच्या तालिकांत (ग्रंथसूचींत) एकाच प्रश्नाद्वारे एकाच वेळी ग्रंथ शोधण्याची पद्धत. जुन्या ग्रंथाच्या प्रती कोठे उपलब्ध आहेत व त्यांच्या आवृत्त्या कोणत्या, हे ठरविण्यासाठी इतिहास-संशोधक तिचा उपयोग करतात.

तिचे पूर्वरूप संघतालिकेत, म्हणजे अनेक ग्रंथालयांतील ग्रंथांच्या एकत्र सूचीत, आढळते. इंग्लंडमधील फ्रान्सिस्कन संन्याशांच्या ‘रजिस्ट्रम आंग्ली’ या सूचीत सुमारे शंभर लेखकांचे ग्रंथ नोंदवून, ते ज्या मठांत होते त्यांचे सांकेतिक क्रमांक पुढे दिलेले आहेत. जुन्या अभ्यासकांचा कल ही सूची तेराव्या शतकातील मानण्याकडे होता; तथापि तिचे संपादक रिचर्ड व मेरी राउझ यांनी सुचविलेला चौदाव्या शतकाच्या आरंभीचा काळ अधिक ग्राह्य वाटतो. तिच्या आधारे बरी सेंट एडमंड्‌सच्या मठात झालेले पुढील संकलन दीर्घकाळ बॉस्टन नावाच्या संन्याशाचे समजले जात असे. ते चौदाव्या शतकातील हेन्री ऑफ कर्कस्टेडचे असल्याचे रिचर्ड राउझ यांनी दाखविल्यानंतर हा वाद बहुतांशी मिटला.

अमेरिकेतील १९५६ पूर्वीच्या प्रकाशनांची छापील राष्ट्रीय संघतालिका (१९६८–८१) ७५४ खंडांची आहे. संगणकीय शोधाला ‘झेड ३९.५०’ या, एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावरील तालिका शोधण्याची रीत ठरविणाऱ्या प्रमाणकाने (१९८८, आंतरराष्ट्रीय प्रमाणक म्हणून १९९८) दिशा दिली. कार्ल्सरूए विद्यापीठाच्या ग्रंथालयाने १९९६ मध्ये सुरू केलेल्या आभासी तालिकेत स्वतःचा नोंदसंग्रह नाही. ती विचारलेला प्रश्न निरनिराळ्या तालिकांकडे पाठविते आणि आलेली उत्तरे ग्रंथालयवार मांडते. त्यामुळे एकच ग्रंथ अनेकदा दिसतो. वाचकाला हे गैरसोयीचे वाटते खरे, परंतु नोंदी परस्पर एकत्र केल्यास एकाच आवृत्तीच्या निरनिराळ्या छपायांमधील फरक झाकला जाण्याचा धोका असतो. संशोधकाच्या दृष्टीने पुनरुक्तीच बरी.

शोधाची मुख्य अडचण नावांच्या लेखनाची होय. इंग्लंड-अमेरिकेतील ग्रंथालये मराठी ग्रंथांची नोंद बहुधा रोमन लिप्यंतराने करतात आणि त्यात उच्चारात लोपलेला ‘अ’ही लिहितात. त्यामुळे वि. का. राजवाडे यांचे आडनाव रूढ इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे ‘ज’ला ‘डब्ल्यू’ जोडून शोधल्यास काही नोंदी हाती लागत नाहीत; ‘ज’पुढे ‘ए’ आणि ‘व’साठी ‘व्ही’ घातल्यावर त्या सापडतात. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’सारख्या अनेक खंडांच्या मालिकेत आणखी एक पेच असतो: एखादे ग्रंथालय सर्व खंडांची मिळून एकच नोंद करते, तर दुसरे प्रत्येक खंडाची वेगळी. शकवर्ष व इसवी सन यांचा मेळ नसल्यास वर्षाची मर्यादा घालून केलेला शोधही फसतो.

भारतातील विद्यापीठीय ग्रंथालयांसाठी इन्फ्लिबनेट या ग्रंथालये जोडणाऱ्या संस्थेची ‘इंडकॅट’ ही संघतालिका आहे. पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दप्तराचे मोडी रुमाल (कापडात बांधलेले कागदपत्रांचे गठ्ठे) मात्र ग्रंथतालिकेच्या कक्षेत येत नाहीत. त्यांसाठी अभिलेखागाराच्या स्वतंत्र सूचीच पाहाव्या लागतात.