हँगिंग रॉकवर राहून गेलेला प्रश्न

भर दुपारी तापलेल्या दगडावर झोपलेल्या चार मुली जाग्या होतात. त्यांतल्या तिघी, अनवाणी, एक शब्दही न बोलता सुळक्यांमधल्या फटीतून आत चालत जातात. मागे राहिलेली एडिथ मिरांडाला हाका मारते, परत यायला सांगते. कुणीही वळून पाहत नाही. मग एडिथ किंचाळते आणि किंचाळतच उतारावरून खाली पळत सुटते. मिरांडा आणि मॅरियन नंतर कधीच सापडत नाहीत. इर्मा काही दिवसांनी जिवंत सापडते, पण तिला काही आठवत नाही. सहलीबरोबर आलेल्या गणिताच्या बाईही नाहीशा होतात. का, कशा, कुठे? चित्रपट संपतो तरी याचं उत्तर मिळत नाही.

पीटर वीअर या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकाचा ‘पिकनिक ॲट हँगिंग रॉक’ 1975 साली आला. जोन लिंडसे यांच्या 1967 सालच्या कादंबरीवर तो बेतलेला आहे. व्हिक्टोरिया राज्यातल्या एका मुलींच्या निवासी शाळेची सहल व्हॅलेंटाइन दिनी हँगिंग रॉक या ज्वालामुखीजन्य टेकडीच्या पायथ्याशी जाते, एवढंच कथानक. सुरुवातीलाच पडद्यावर तारीख येते: शनिवार, 14 फेब्रुवारी 1900. हे सगळं खरंच घडलं होतं असं मानणारे लोक आजही भेटतात. कॅलेंडर काढून पाहिलं तर त्या दिवशी बुधवार होता. गोष्ट कल्पित आहे. पण कल्पित आहे हे कळल्यावरही माणसं विचारतात, मग त्या मुलींचं झालं काय? कधी न जन्मलेल्या मुलींबद्दल, पन्नास वर्षांनंतरही. माझ्या मते या चित्रपटाचं खरं गूढ टेकडीवर कमी आणि या प्रश्नात जास्त आहे.

पहिल्यांदा पाहिला त्यानंतर कित्येक वर्षांनी मी आठवून आठवून एक यादी केली होती. बदामाच्या आकाराच्या केकवर आलेली सुरी. उरलेल्या तुकड्यावरच्या मुंग्या. पांढरे हातमोजे. पॅनफ्लूटचा तो वाऱ्यासारखा सूर. शाळेच्या मुख्याध्यापिकेचं पुढे काय झालं, पोलिसांनी कुणाकुणाची चौकशी केली, हे मात्र पुसट झालं होतं. म्हणजे कथेचा कणा विसरलो आणि कडेकडेचं सगळं लख्ख राहिलं. असं का व्हावं?

याचा एक धागा 2014 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी केलेल्या प्रयोगात सापडतो. त्यांनी लोकांना सामान्यज्ञानाचे प्रश्न दिले आणि प्रत्येक प्रश्नाच्या उत्तराची किती उत्सुकता आहे तेही विचारून घेतलं. मग मेंदूचं स्कॅनिंग चालू असताना प्रश्न दाखवायचा, 14 सेकंद थांबायला लावायचं आणि नंतर उत्तर द्यायचं. या थांबण्याच्या मधोमध एका अनोळखी माणसाचा चेहरा क्षणभर दाखवला जाई. त्याचा प्रश्नाशी काहीही संबंध नव्हता. पुढे अचानक परीक्षा घेतली तेव्हा उत्सुकतेच्या प्रश्नांची उत्तरं जास्त लक्षात राहिलेली होती, आणि यात नवल नाही. पण त्या प्रश्नांच्या वेळी दिसलेले बिनसंबंधाचे चेहरेही लोकांनी जास्त ओळखले. उत्सुकतेच्या वेळी मध्यमेंदूतला डोपामाइन या रसायनाशी संबंधित भाग आणि स्मृती घडवणारा हिप्पोकॅम्पस दोन्ही अधिक सक्रिय झालेले दिसत होते. उत्तराची वाट पाहणारा मेंदू जणू दार सताड उघडं ठेवतो, आणि उत्तराबरोबर रस्त्यावरून जाणारं बाकीचंही आत येतं.

प्रयोगातली वाट पाहणं 14 सेकंदांचं होतं. हँगिंग रॉकवर ते जवळजवळ दीड तास चालतं आणि उत्तर येतच नाही. प्रयोगशाळेतून थेट चित्रपटगृहात उडी मारणं धाडसाचं आहे, हे मान्य. तरी मला वाटतं की मुंग्या, हातमोजे आणि बासरी माझ्या डोक्यात शिरली ती याच उघड्या दारातून.

अपुऱ्या गोष्टींची चर्चा निघाली की मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांचं नाव हमखास निघतं. बर्लिनमध्ये कुर्ट लेविन यांच्या हाताखाली काम करताना त्यांनी लोकांना छोटी छोटी कामं दिली आणि त्यांतली काही मध्येच थांबवली. अर्धवट राहिलेली कामं पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा जास्त आठवतात, असा निष्कर्ष त्यांनी 1927 साली मांडला. तो पाठ्यपुस्तकांत पक्का बसला, पण नंतरच्या अनेक प्रयोगांत हा स्मृतीचा फायदा नीट टिकला नाही. जास्त टिकलं ते त्याच प्रयोगशाळेतल्या मारिया ओव्हसियांकिना यांचं निरीक्षण: अडवलेलं काम माणूस संधी मिळताच, कुणी न सांगता, पुन्हा हातात घेतो. हँगिंग रॉकच्या बाबतीत मला हेच जास्त पटतं. चित्रपट आपल्याला अधिक आठवतो यापेक्षा आपण त्याच्याकडे पुन्हा जातो. आपल्या भाषेत याला नेमका शब्द आहे, रुखरुख. ती आठवणीपेक्षा वेगळी असते. ती माणसाला उठवते आणि परत कामाला लावते.

मात्र नुसतं उत्तर लपवलं की काम झालं असं नाही. शेवट न सापडल्यामुळे अर्धवट सोडलेले रहस्यपट ढिगाने आहेत, आणि ते आपण विसरून जातो. इथे भर पडते ती स्वप्नाची.

ज्या झोपेत ठळक स्वप्नं पडतात तिला रेम झोप म्हणतात. 1990 च्या दशकात झालेल्या मेंदूच्या चित्रणांत दिसलं की या झोपेत भावना आणि दृश्यं हाताळणारे भाग जोरात चालू असतात, पण कपाळामागच्या बाजूचा, तर्क करणारा आणि विसंगती पकडणारा भाग मंदावलेला असतो. म्हणूनच स्वप्नात भिंतीतून माणूस आला तरी आपण त्याला बसायला सांगतो. आश्चर्य वाटतं ते जाग आल्यावर. वीअर यांचा चित्रपट हीच अवस्था जाग्या माणसाला देतो. टेकडीवर चढताना मुलींना कशाचंच नवल वाटत नाही. पायथ्याशी उरलेली सहल दुपारी झोपून जाते, वर गेलेल्या मुलीही झोपतात. विचित्र घडतं, पण विचित्र म्हणायला कुणी जागंच नसतं, एक एडिथ सोडून.

तंत्रही त्याच दिशेने चालतं. छायाचित्रकार रसेल बॉइड यांनी भिंगापुढे नवरीच्या चेहऱ्यावरच्या तलम जाळीसारखं कापड लावलं होतं. त्यातून येणारा प्रकाश थोडा विखुरतो, कडा विरघळतात, बारीक तपशील हरवतात आणि मोठे आकार तेवढे उरतात. मग दगडांच्या सावल्यांत चेहरे दिसायला वेळ लागत नाही. चेहरा ओळखणारी मेंदूतली यंत्रणा अपुऱ्या माहितीवरही तयारच असते.

आवाजाची गोष्ट तर मला सर्वांत आवडते. काही ठिकाणी पार्श्वभूमीत भूकंपाचा आवाज मंद करून वापरल्याचं वीअर यांनी सांगितलं आहे. ध्वनिमुद्रण निम्म्या वेगाने चालवलं की प्रत्येक सुराची वारंवारिता निम्मी होते, म्हणजे मुळातच खर्जातला आवाज आणखी खाली जातो. 50 हर्ट्झच्या ध्वनीची एक लाट हवेत सुमारे 7 मीटर लांब असते आणि आपल्या दोन कानांत अंतर वीतभर. इतक्या लांब लाटेला डोकं अडवू शकत नाही, दोन्ही कानांना जवळपास सारखंच ऐकू येतं आणि आवाज कुठून येतोय ते नीट ठरत नाही. तो सगळीकडून आल्यासारखा वाटतो. टेकडीच गुरगुरते आहे, असं.

खरी टेकडी सुमारे 62 लाख वर्षांपूर्वीची आहे. बाहेर आलेला लाव्हा फार घट्ट होता, दूर वाहून न जाता तिथेच साचला, थंड होताना आकसून उभ्या भेगा पडल्या आणि पुढे पावसापाण्याने त्या रुंद करून सुळके सुटे केले. चित्रपटातल्या गणिताच्या बाई तिचं वय दहा लाख सांगतात. घड्याळं बरोबर बाराला बंद पडल्यावर काहीतरी चुंबकीय असेल, असंही त्याच म्हणतात. ज्वालामुखीच्या खडकात मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं आणि अगदी जवळ नेल्यास होकायंत्राची सुई थोडी हलूही शकते. पण चावीचं घड्याळ थांबवायला पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या कितीतरी पट क्षेत्र लागतं. दगडाच्या आवाक्यातलं ते काम नाही. तरी ते वाक्य कानावर पडताच आपण त्याला धागा समजून घट्ट धरतो. चित्रपटात असे धागे कितीतरी आहेत आणि प्रत्येक धागा दोन पावलं नेऊन सोडून देतो.

हे सगळ्यांना सोसतं असं नाही. अनिश्चितता किती चालते यात माणसामाणसांत फरक असतो. ठाम उत्तराच्या या गरजेवर मानसशास्त्रज्ञ आरी क्रुग्लान्स्की यांनी बरंच काम केलं आहे, आणि 1994 साली ती मोजण्याची प्रश्नावलीही तयार झाली. चित्रपट संपताच एका अमेरिकन वितरकाने दोन तास फुकट गेले म्हणून कॉफीचा कप पडद्यावर फेकला, ही आठवण वीअर यांनी सांगितली आहे. मला त्या माणसाचा राग येत नाही. तो पूर्ण गुंतला होता, म्हणून तर कप फेकला.

बहुतेकांना माहीत नसतं की उत्तर मुळात होतं. लिंडसे यांनी कादंबरीचं शेवटचं प्रकरण लिहिलेलं होतं, प्रकाशनापूर्वी ते काढून टाकलं गेलं. त्यांचं 1984 साली निधन झालं आणि 1987 साली ते प्रकरण छापून आलं. त्यात अवकाशाला पडलेलं भोक आहे आणि कड्यावरून भिरकावल्यावर खाली न पडता हवेतच थांबलेली कॉर्सेट्स, म्हणजे कंबर आवळून बांधायची अंतर्वस्त्रं, आहेत. माहितीतली पोकळी भरली की कुतूहल शमतं, असा साधा हिशेब असता तर त्या वर्षी प्रश्न मिटायला हवा होता. मिटला नाही. ते प्रकरण वाचून मी पुन्हा चित्रपट लावला. बंद घड्याळ, केक, मुंग्या, फट, किंकाळी. छापील उत्तराची एकदाही आठवण झाली नाही.

शेवटी सहलीची तीच दुपार परत येते, संथ गतीत. मिरांडा हात हलवते, मान वळवते, आणि चित्र तिथेच गोठतं.